हाडाची ठेवण आणि हाडाचा वापर

लेखमाला : आदिमानवाचा माग, भाग ९

गेल्या आठवड्यात आपण दात आणि जबडे पाहिले. दातांवरून खाणे कळते, वय कळते, पुष्कळदा नातेही कळते. पण तो प्राणी झाडावर राहत होता की जमिनीवर, चार पायांवर चालत होता की दोन, याचा पत्ता दात देत नाहीत. या मर्यादेचा मोठा फटका आपल्याच देशातल्या एका शोधाला बसला. हिमाचल प्रदेशातल्या हरितल्यांगरजवळ, शिवालिकच्या टेकड्यांत, १९३२ साली येल विद्यापीठाच्या जी. एडवर्ड लुईस या तरुण अभ्यासकाला वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. दोन वर्षांनी त्याने त्याचे नाव ठेवले रामापिथेकस. १९६० च्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम या मातब्बर संशोधकांनी हाच माणसाच्या शाखेचा पहिला पूर्वज असल्याचे मांडले, आणि लोकप्रिय पुस्तकांतल्या चित्रांत रामापिथेकस दोन पायांवर उभा राहिला. त्याच्या मांडीचे, नडगीचे किंवा पावलाचे एकही हाड तोवर कुणी पाहिलेले नव्हते.

१९६७ साली बर्कलीच्या व्हिन्सेंट सॅरिच आणि अ‍ॅलन विल्सन यांनी रक्तातल्या प्रथिनांची तुलना करून माणूस आणि आफ्रिकेतले कपी (चिंपांझी, गोरिला) यांची फारकत सुमारे ५० लाख वर्षांपूर्वीची असल्याचा हिशेब मांडला. रामापिथेकस त्याहून कितीतरी जुना. पुढे पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर चेहऱ्याचा बराच भाग शाबूत असलेली कवटी मिळाली, तेव्हा रामापिथेकस हा शिवापिथेकस या प्राचीन कपीमध्येच मोडतो आणि त्याचा चेहरा ओरांगउटानशी जुळतो, हे लक्षात आले. एवढ्यावर प्रकरण मिटायला हवे होते, पण मिटले नाही. १९९० साली पिलबीम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिवापिथेकसच्या दंडाची हाडे प्रसिद्ध केली, आणि ती ओरांगउटानच्या दंडासारखी नव्हती. फांद्यांना लोंबकळणाऱ्या प्राण्यापेक्षा फांद्यांवर चार पायांनी चालणाऱ्या प्राण्याच्या दंडाशी त्यांचे साम्य जास्त. चेहरा एक सांगत होता आणि दंड दुसरेच. पिलबीम यांच्याविषयी मला मोठा आदर वाटतो. ज्या पूर्वजाची त्यांनी तरुणपणी इतकी पाठराखण केली, त्याच्याविरुद्धचा पुरावाही त्यांनीच हौसेने शोधला आणि जगापुढे ठेवला.

म्हणून आजचा भाग हातापायांच्या लांब हाडांसाठी.

पहिली आणि सर्वांत सोपी तपासणी लांबीची. दंडाचे हाड आणि त्यापुढचे मनगटापर्यंतचे हाड यांच्या लांबीची बेरीज करायची, मांडीचे हाड आणि नडगी यांच्या लांबीची वेगळी बेरीज करायची, पहिलीला दुसरीने भागून शंभराने गुणायचे. उत्तर शंभर आले तर हात आणि पाय सारख्याच लांबीचे. माणसात हा आकडा सुमारे ७० येतो, चिंपांझीत १०६ च्या आसपास, गोरिलात ११६ च्या, गिबनमध्ये १३० च्या घरात आणि ओरांगउटानमध्ये १४० च्या. आपल्याकडे देवळांच्या आवारात दिसणाऱ्या हनुमान लंगुरांचा आकडा ८० च्या थोडा वर असतो. उडीचा जोर मागच्या पायांतून येतो, म्हणून त्यांचे पाय हातांपेक्षा लांब.

कपींचे हात लांब असण्याचे कारण लोंबकळणे आणि चढणे. भारतात आढळणारे एकमेव कपी म्हणजे हुलॉक गिबन. ईशान्येच्या जंगलांत ते राहतात, आसामात जोरहाटजवळ त्यांच्या नावाचे अभयारण्यही आहे. एका फांदीवरून दुसरीवर ते हातांनी झुलत जातात आणि हात जितका लांब तितकी झेप मोठी. जड अंगाचा गोरिला असा झुलत नाही, पण जाड बुंध्यावर चढताना लांब हातांनी खोडाला मिठी मारता येते आणि पाय खोडावर रेटता येतात. जमिनीवर उतरले की चिंपांझी आणि गोरिला बोटे दुमडून त्यांच्या मधल्या पेरांच्या पाठीवर भार देत चालतात. या चालीची खूण त्यांच्या तळहाताच्या हाडांवर सापडते. बोट जिथे तळहाताला जुळते तिथे, हाडाच्या टोकावर वरच्या बाजूला, एक आडवा कंगोरा उठलेला असतो. भार पडल्यावर सांधा मागे कलंडू नये यासाठी तो अडसर. ओरांगउटान जमिनीवर बहुधा मुठी टेकून चालतो, त्याच्या हाडांवर असा कंगोरा उठून दिसत नाही.

माणसाकडे वळताना सहज वाटते की आपले हात आखूड झाले. खरा बदल पायांत आहे. २४ नोव्हेंबर १९७४ रोजी इथिओपियातल्या हदार इथे डोनाल्ड जोहान्सन आणि टॉम ग्रे यांना ल्यूसी सापडली. वय सुमारे ३२ लाख वर्षे, उंची जेमतेम साडेतीन फूट, सांगाडा सुमारे ४० टक्के हाती आलेला. तिच्या दंडाचे हाड जवळजवळ २४ सेंटीमीटर, मांडीचे २८. म्हणजे दंड मांडीच्या ८५ टक्के. आपल्यात हे प्रमाण ७२ ते ७४ टक्के असते आणि चिंपांझीत शंभराच्या जवळ. १९८२ साली विल्यम जंगर्स यांनी दाखवले की ल्यूसीचा दंड तितक्याच ठेंगण्या माणसाच्या दंडाएवढाच आहे, आखूड आहेत ते तिचे पाय. पायांची लांबी वाढलेली दिसते ती बरीच नंतर. केनियात तुर्काना सरोवराजवळ १९८४ साली कमोया किमेऊ यांना सापडलेल्या, सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या मुलाच्या सांगाड्यात हे प्रमाण ७४ वर आलेले आहे. किमेऊ यांचे नाव इथे मुद्दाम घेतो, कारण पूर्व आफ्रिकेतले कितीतरी गाजलेले जीवाश्म त्यांच्या आणि त्यांच्या चमूच्या नजरेने टिपलेले आहेत, आणि पाठ्यपुस्तकांत त्यांची नावे शोधावी लागतात.

लांब पायांचा फायदा काय? ढांग मोठी पडते आणि तेवढ्याच अंतराला कमी श्रम लागतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चिंपांझी आणि माणसे यांना चालत्या पट्ट्यावर चालवून ऊर्जेचा खर्च मोजला गेला. चिंपांझी चार पायांवर चालो की दोन, माणसाचा खर्च त्याच्यापेक्षा सुमारे ७५ टक्के कमी निघाला.

आता गुडघा जरा जवळून पाहू, कारण या सगळ्या विषयाचे मर्म मला गुडघ्यात दिसते. माणसाचे मांडीचे हाड घ्या. त्याच्या खालच्या टोकाला दोन गोलसर उंचवटे असतात, ते दोन्ही टेबलावर सपाट टेकवा आणि हाड उभे धरा. हाड सरळ उभे राहत नाही, बाहेरच्या बाजूला कलते. हा कल साधारण ८ ते ११ अंशांचा. चिंपांझीचे हाड असेच टेकवले तर ते जवळजवळ सरळ उभे राहते. या कलामुळे आपले गुडघे एकमेकांजवळ, शरीराच्या मध्यरेषेखाली येतात. चालताना एक पाऊल उचलले की सगळा भार दुसऱ्या पायावर येतो, आणि तो पाय आधीच मध्याखाली असल्यामुळे तोल जात नाही. चिंपांझी दोन पायांवर चालू लागला की प्रत्येक पावलाला डावीउजवीकडे झुलतो, कारण त्याचा पाय कमरेपासून सरळ खाली उतरतो. ल्यूसीच्या आदल्या वर्षी, १९७३ मध्ये, जोहान्सन यांना हदारलाच एक गुडघ्याचा सांधा सापडला होता. पायाने ठोकरलेला पहिला तुकडा त्यांना पाणघोड्याची बरगडी वाटला. दोन तुकडे जुळवल्यावर तो कल दिसला, आणि कवटीचा पत्ता नसताना, एवढ्या एका सांध्यावरून, ३० लाखांहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी सरळ उभे राहून चालत होते हे कळले.

याच गुडघ्यात आणखी एक गोष्ट आहे. मांडीचा स्नायू आता तिरक्या रेषेत ओढ घेतो, त्यामुळे गुडघ्याची वाटी बाहेर घसरण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी वाटीच्या खाचेची बाहेरची कड माणसात उंच असते. पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयातल्या क्रिस्तीन तार्दिय यांनी कल आणि कड या दोन खुणांची जन्मकथा तपासली. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या मांडीच्या हाडात कल नसतोच. मूल उभे राहू लागते, चालू लागते, तसतसा तो येतो. आजारपणामुळे जी मुले कधीच चालू शकली नाहीत, त्यांच्या हाडात तो तयार होत नाही. कड मात्र आईच्या पोटातच दिसू लागते. म्हणजे एकाच सांध्यातली एक खूण पिढ्यांकडून वारशाने आलेली, आणि दुसरी ज्याची त्याने चालून मिळवलेली.

एवढे लक्षात घेतले की ल्यूसीवरून पन्नास वर्षे चाललेला वाद नेमका कशाचा आहे ते कळते. ती जमिनीवर दोन पायांनी चालत होती यावर फारसे दुमत नाही. पण तिच्या जातीच्या हाताची आणि पायाची बोटे आपल्याहून अधिक वाकलेली आहेत, फांदी पकडणाऱ्या प्राण्यांसारखी. केंट स्टेट विद्यापीठाचे ओवेन लव्हजॉय यांचे म्हणणे असे, की ही सगळी पूर्वजांकडून आलेली शिल्लक आहे. प्राणी जमिनीवर उतरला आणि जुनी ठेवण अजून जायची होती, एवढेच. स्टोनी ब्रूकच्या जॅक स्टर्न आणि रँडल सुसमन यांनी १९८३ साली याच्या उलट मांडणी केली, की झाडावर चढणे हा तिच्या रोजच्या जगण्याचा भाग होता. दोन्ही बाजूंपुढे हाडे तीच होती. भांडण वारसा आणि वापर यांच्यातले होते, आणि लांबी किंवा सांध्याचा आकार पाहून ते सुटणारे नव्हते. सोडवायचे तर हाडाच्या आत शिरणे भाग होते.

१८९२ साली बर्लिनचे शल्यचिकित्सक युलियुस वोल्फ यांनी एक पुस्तक प्रसिद्ध केले. हाडावर जसा भार पडतो तसे हाड स्वतःला घडवते, हा त्यांचा सिद्धांत. त्यांनी मांडलेले गणिती नियम पुढे जसेच्या तसे टिकले नाहीत, पण गाभा टिकला. हाड जिवंत असते. जिथे ताण पडतो तिथे नवे थर चढतात, जिथे पडत नाही तिथले झिजतात. अंतराळ स्थानकात महिनोन्‌महिने राहणाऱ्यांच्या कमरेजवळच्या हाडांची घनता दर महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते, ती भारच नसल्यामुळे. टेनिस खेळाडूंच्या दंडांची क्ष-किरण चित्रे १९७७ मध्ये तपासली तेव्हा खेळत्या हाताच्या हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा पुरुषांत सुमारे ३५ टक्के आणि स्त्रियांत सुमारे २८ टक्के जाड निघाली. केंब्रिजच्या कॉलिन शॉ आणि जे स्टॉक यांनी २००९ साली विद्यापीठात क्रिकेट खेळणारे आणि पोहणारे यांचे दंड मोजले. क्रिकेटपटूंचा चेंडू फेकणारा हात दुसऱ्याहून मजबूत, तर जलतरणपटूंचे दोन्ही हात सारखेच भक्कम. नडगीचेही तसेच. लांब पल्ल्याच्या धावपटूंची नडगी पुढून मागे बळकट झालेली असते, आणि मैदानावर सतत दिशा बदलत पळणाऱ्या हॉकीपटूंची सगळ्या बाजूंनी.

हा हिशेब मोजायचा कसा, तेही सांगायला हवे. लांब हाड मधे पोकळ असते, आणि पोकळ बांबू तितक्याच वजनाच्या भरीव काठीपेक्षा वाकवायला का अवघड, ते खेड्यात वाढलेल्या कुणालाही ठाऊक असते. वाकण्याला विरोध करण्याचे काम मुख्यतः कडेचे द्रव्य करते. मध्यापासूनचे अंतर दुप्पट झाले तर तेवढ्याच द्रव्याचा विरोध चौपट होतो. म्हणून हाडाचा आडवा छेद घेऊन भिंत किती जाड आहे, कुठे जाड आहे आणि मध्यापासून किती दूर आहे हे मोजले, की ते हाड किती आणि कोणत्या दिशेने भार सोसायला घडले होते ते कळते. जीवाश्म कापता येत नाही. सीटी स्कॅनने मात्र तो न कापता छेद पाहता येतो.

बसण्याच्या सवयीही हाडावर उमटतात, आणि याचा एक जुना अभ्यास आपल्या उपखंडातला आहे. लाहोरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले शरीररचनेचे प्राध्यापक हॅवलॉक चार्ल्स यांनी १८९३ साली पंजाबी लोकांच्या पायांच्या हाडांवर निबंध लिहिला. माणूस उकिडवा बसतो तेव्हा घोटा पूर्ण वाकतो आणि नडगीच्या खालच्या टोकाची पुढची कड घोट्याच्या हाडाच्या मानेवर टेकते. वर्षानुवर्षे असे बसणाऱ्याच्या दोन्ही हाडांवर, नेमक्या टेकण्याच्या जागी, लहानशी गुळगुळीत चकती दिसते. बोटाने चाचपली तरी कळते. १९५९ साली इंदरबीर सिंग यांनी भारतीयांच्या हाडांत या चकत्या किती सर्रास आढळतात ते दाखवले. आज पुरातत्त्वज्ञ सांगाडा हाती आला की ही जागा तपासतात. आपल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत मात्र इथे अडचण येते. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तिथली प्रौढांची जी दफने मिळाली, त्यांत पावले घोट्याखाली तोडलेली होती. नडगीची बाजू उरली आणि पावलाची गेली.

वारसा आणि वापर यांचे वेगळे माप काढण्याची रीत ठोसपणे बसवली ती जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर रफ यांनी. अमेरिकेत डेन्व्हर इथे काही मुलांची जन्मापासून मोठे होईपर्यंत ठरावीक काळाने क्ष-किरण चित्रे घेतली गेली होती. ती रफ यांनी २००३ साली वेगळ्या प्रश्नासाठी पाहिली. मूल चालू लागते त्या सुमारास त्याच्या मांडीच्या हाडाची ताकद दंडाच्या तुलनेत झपाट्याने वाढते. दोन्ही हाडांच्या लांबीच्या प्रमाणात अशी उसळी दिसत नाही. लांबी आपल्या ठरलेल्या गतीने जाते, ताकद मात्र चालण्याला लगेच प्रतिसाद देते.

हेच नंतर पर्वतीय गोरिलांत दिसले. रवांडातल्या विरुंगा पर्वतांत १९६७ पासून गोरिलांची निरीक्षणे होत आली आहेत, त्यामुळे तिथे मेलेल्या अनेक गोरिलांचे वय आणि आयुष्य माहीत असते. त्यांचे सांगाडे जपून ठेवले गेले. गोरिलाचे पिल्लू पहिली दोनेक वर्षे चढण्या-लोंबकळण्यात घालवते, मग जमिनीवर चार पायांनी चालणे वाढते. २०१३ साली रफ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दंड आणि मांडी यांच्या ताकदीचे प्रमाण नेमके याच वयात बदलते, आणि लांबीचे वा सांध्यांच्या आकाराचे प्रमाण तसे बदलत नाही. मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो. जो प्राणी कसा वागत होता ते माणसांनी डोळ्यांनी पाहिले आहे, त्याच्याच हाडात ते वागणे उतरलेले दिसले. यानंतर जीवाश्म हाडालाही तोच प्रश्न विचारण्याचा अधिकार अभ्यासकाला मिळतो.

तो प्रश्न ल्यूसीला विचारला गेला. २००८ साली तिचा सांगाडा अमेरिकेत असताना टेक्सास विद्यापीठात त्याचे सीटी स्कॅन झाले, ३५ हजारांहून अधिक छेद घेतले गेले. २०१६ साली रफ, जॉन कॅपलमन आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष मांडले. मांडीच्या तुलनेत ल्यूसीचा दंड आपल्या दंडापेक्षा बराच ताकदवान होता, चिंपांझीइतका मात्र नव्हे. दोघांच्या मधे कुठेतरी. ताकद वापराने येते, तेव्हा ही केवळ पूर्वजांची शिल्लक होती असे म्हणणे आता कठीण झाले. ल्यूसी हातांनी स्वतःचे वजन वर ओढत होती, आणि ते अधूनमधून नव्हे.

यावर एक रास्त हरकत घेता येते. दंड बळकट होण्याची कारणे झाडाखेरीजही असू शकतात, उदाहरणार्थ जमीन खणून कंद काढणे. हाड भार सांगते, त्या भाराचे कारण सांगत नाही. पण इतर पुरावा जोडीला ठेवला तर पारडे झाडाकडेच झुकते. बोटे वाकलेली आहेत. ल्यूसीच्याच जातीच्या, डिकिका इथे मिळालेल्या सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वीच्या लहान मुलीच्या खांद्याची खोबण वरच्या दिशेला वळलेली आहे, हात डोक्यावर नेऊन काम करणाऱ्या कपींसारखी. माझे मत स्टर्न आणि सुसमन यांच्या बाजूचे आहे: ल्यूसी दिवसा जमिनीवर चालणारी आणि खाण्यासाठी, बहुधा रात्रीच्या आसऱ्यासाठीही, झाडावर जाणारी होती. कॅपलमन यांनी त्याच वर्षी आणखी पुढचे विधान केले. तिच्या दंडाच्या वरच्या टोकाचे आणि इतर हाडांचे मोड उंचावरून पडून झालेले आहेत, ती झाडावरून पडून मेली, असे. जोहान्सन आणि टिम व्हाइट यांना हे मान्य नाही. हदारच्या थरांत इतर प्राण्यांची हाडेही अशीच मोडलेली सापडतात, असे त्यांचे म्हणणे. इथे मला त्यांचे म्हणणे अधिक पटते.

चढणे ल्यूसीबरोबर संपले नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या स्टर्कफाँटेनच्या गुहांतून मिळालेल्या मांडीच्या हाडांच्या दोन गोलकांची अंतर्रचना २०२० साली प्रसिद्ध झाली. गोलकाच्या आत हाडाची बारीक जाळी असते आणि जिथे भार जास्त तिथे ती दाट होते. जुन्या गोलकातली जाळी माणसासारखी होती, सरळ उभ्या पायावर भार घेणारी. वयाने अलीकडच्या गोलकात मात्र पाय खूप दुमडून भार घेतल्याची खूण मिळाली, म्हणजे चढण्याची. काळ पुढे गेला म्हणून प्रत्येक जात झाडापासून दूर गेली, असे घडले नाही.

हाड वाचताना घाई केली की काय होते, याचा दाखला फार जुना आहे. १८५६ साली जर्मनीतल्या निअँडर खोऱ्यात मिळालेली जाड, किंचित वाकलेली हाडे बॉनचे प्राध्यापक आउगुस्ट मायर यांनी पाहिली. १८६४ साली त्यांनी मत दिले की हा मुडदूस झालेला, घोड्यावर आयुष्य काढलेला कोसॅक शिपाई असावा. वाकलेल्या मांडीचा संबंध भाराशी आहे, एवढे त्यांनी बरोबर ओळखले होते. ती निअँडरथल माणसाची हाडे होती. गेल्या काही वर्षांतले उदाहरण स्त्रियांचे आहे. मध्य युरोपातल्या पहिल्या शेतकरी स्त्रियांच्या हाडांची तुलना वर्षानुवर्षे त्यांच्याच काळातल्या पुरुषांशी होत राहिली. पुरुषांच्या हाडात भाराचा प्रतिसाद अधिक ठळक दिसतो, म्हणून स्त्रियांचे काम हलके होते असा ग्रह झाला. २०१७ साली अ‍ॅलिसन मॅकिंटॉश आणि सहकाऱ्यांनी त्या दंडांची तुलना आजच्या स्त्रियांशी केली. केंब्रिजच्या वल्हवणाऱ्या महिला खेळाडूंपेक्षा नवाश्मयुगातल्या या स्त्रियांचे दंड ११ ते १६ टक्के अधिक ताकदवान निघाले. शेतीची कामे आणि दगडी पाट्यावर तासन्‌तास धान्य भरडणे, हे त्याचे संभाव्य कारण. तुलना कुणाशी करायची हे चुकले, की अख्ख्या समाजाच्या कष्टाचा हिशेब चुकतो.

आणि हाड कुठल्या थरातले हे चुकले, तर सगळेच चुकते. वोल्फ यांचे पुस्तक आले त्याच १८९२ साली, जावा बेटावर त्रिनिल इथे, डच डॉक्टर युजीन द्युबुआ यांना मांडीचे एक हाड मिळाले. आदल्या वर्षी तिथेच त्यांना एका प्राचीन कवटीचा वरचा भाग सापडला होता. मांडीचे हाड थेट माणसाचे होते, सरळ उभे राहून चालणाऱ्याचे, म्हणून द्युबुआ यांनी या प्राण्याच्या नावात ‘इरेक्टस’, म्हणजे ताठ उभा राहणारा, असा शब्द घातला. नाव आजही चालू आहे. ते हाड मात्र कवटीपासून काही मीटरवर, वेगळ्या वेळी निघाले होते, आणि आज अनेक अभ्यासक ते बऱ्याच अलीकडच्या माणसाचे मानतात. कवटी आणि मांडी नेमक्या कोणत्या थरांतून निघाल्या, हे तेव्हाच नीट नोंदले गेले असते तर शंभर वर्षांचा वाद वाचला असता.

म्हणून वाचकांना एक विनंती. नर्मदेच्या काठी हथनोरा इथे १९८२ साली अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवी कवटीचा भाग मिळाला, आणि आपल्या गोदावरी-मांजरा खोऱ्यांतल्या नदीकाठच्या जुन्या थरांतून हत्ती, रानबैल अशा प्राण्यांचे जीवाश्म निघत आले आहेत. वाळू उपसताना, विहीर खणताना किंवा काठाची दरड कोसळल्यावर दगडासारखे जड झालेले हाड दिसले, तर ते उचलू नका, धुऊ नका, घरी नेऊ नका. जागच्या जागी, शेजारी मोजपट्टी ठेवून आणि मागचा थर दिसेल असे छायाचित्र काढा, जागा लिहून ठेवा, आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांना कळवा. पुढच्या आठवड्यात टांझानियातल्या लाएतोलीला जाऊ, तिथल्या ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली ३६ लाख वर्षांपूर्वीची पावले पाहायला.